वाचकांचे प्रश्न : पाळीचा नेम नाही, मग तारखा धरायच्या कशा?

या वेळची पत्रं वाचताना लक्षात आलं की बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारलाय, माझी पाळी रेग्युलर नाही, मग माझा चौदावा दिवस, म्हणजे बीज फुटण्याचा (ओव्ह्युलेशनचा) दिवस, कुठला? म्हणून उत्तरांच्या आधी एवढं सांगून टाकते. ते चौदा दिवस मागच्या पाळीपासून पुढे मोजायचेच नसतात, पुढच्या पाळीपासून मागे मोजायचे असतात. जपानमधले डॉ. ओगिनो यांनी 1924 मध्ये हे मांडलं, ऑस्ट्रियातले डॉ. क्नाउस यांनीही त्याच दशकात स्वतंत्रपणे तेच दाखवलं, म्हणजे शंभर वर्षं झाली, तरी आपल्याकडे अजून "पाळी आल्यापासून चौदावा दिवस" हेच चालू आहे. जिची पाळी बरोबर 28 दिवसांनी येते तिला दोन्हीकडून मोजलं तरी उत्तर एकच येतं, त्यामुळे चूक कधी पकडलीच जात नाही. भोगावं लागतं ते पाळी मागेपुढे होणाऱ्यांना. आता पत्रं.

प्रश्न : ताई, मी 29 वर्षांची, चिंचवडला राहते, आयटीत आहे. आठ-नऊ महिने झाले आम्ही बाळासाठी ट्राय करतोय. पाळी कधी 32 दिवसांनी येते, कधी 40, मागे एकदा तर 50 दिवसांनी आली. मोबाइलवरचं ॲप एक तारीख दाखवतं, आम्ही त्याप्रमाणे सगळं जमवतो आणि चार दिवसांनी ॲप स्वतःच तारीख बदलतं!! ओव्ह्युलेशन किट आणलं तर 16व्या दिवशी दोन रेषा आल्या आणि परत 27व्या दिवशी पण दोन रेषा, मग अंडं दोनदा येतं का? 21व्या दिवशी प्रोजेस्टेरॉनची टेस्ट केली ती 0.6 आली, लॅबमधले म्हणाले ओव्ह्युलेशन झालेलंच नाही. खूप टेन्शन आलंय, ऑफिसमध्ये लक्ष लागत नाही.

उत्तर : अगं, आधी त्या 0.6 चं बघू, कारण सगळ्यात जास्त रडवलंय त्यानेच आणि त्याला अर्थ सगळ्यात कमी आहे. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं ते बीज फुटल्यानंतर, आणि साधारण आठवड्याने सगळ्यात वर जातं. 28 दिवसांची पाळी असेल तर तो दिवस 21वा येतो, म्हणून सगळीकडे "डे 21" लिहून देतात. तुझी त्या वेळची पाळी 40 दिवसांची असेल तर तुझं बीज 26व्या दिवसाच्या आसपास फुटणार होतं, म्हणजे तू टेस्ट केलीस ती ओव्ह्युलेशनच्या आधीच, मग आकडा वाढेल कुठून? ही टेस्ट परत करायचीच झाली तर एलएच किट (तुझं ओव्ह्युलेशन किटच, ते बीज फुटायच्या आधी वाढणारं एलएच हे हार्मोन पकडतं) पॉझिटिव्ह आल्यावर साधारण आठ दिवसांनी कर. तेव्हा 3 च्या वर आलं की बीज फुटलं असं समजतात.

आता ॲप. ॲपला तुझ्या शरीरातलं काहीही कळत नाही, तू भरलेल्या तारखांची ते सरासरी काढतं. 32, 40, 50 ची सरासरी साधारण 41, त्यातून 14 वजा केले की 27वा दिवस, तोच तुला दाखवला. पण 32 दिवसांच्या महिन्यात तुझं ओव्ह्युलेशन 18व्या दिवशी झालेलं असणार आणि 50च्या महिन्यात 36व्या. त्या 27व्या दिवशी दोन्ही वेळेस काहीच घडत नव्हतं. तारखा लिहून ठेवायला ॲप छान आहे, डॉक्टरकडे जाताना उपयोगी पडतं, पण त्याच्यावर रात्रीचं प्लॅनिंग करू नकोस.

किटवर दोनदा दोन रेषा का आल्या? दोन शक्यता आहेत. पहिली अगदी साधी, ओव्ह्युलेशन किटमध्ये दुसरी रेष नुसती दिसणं म्हणजे पॉझिटिव्ह नाही, ती कंट्रोलच्या रेषेएवढी किंवा तिच्याहून गडद पाहिजे. प्रेग्नन्सी किटचं लॉजिक इथे लावून फसणाऱ्या खूप जणी आहेत, तिथे फिकी रेष चालते, इथे चालत नाही. दुसरी शक्यता अशी की शरीराने 16व्या दिवशी तयारी केली, एलएच वर गेलं, पण बीज फुटलंच नाही, मग परत 27व्या दिवशी प्रयत्न केला. पीसीओडीत (हार्मोन्स बिघडून बीज वेळेवर पिकत-फुटत नाही तो त्रास) हे होतं, शिवाय पीसीओडीत काहींचं एलएच मुळातच जास्त असतं, त्यांच्या पट्ट्या महिनाभर गडद येत राहतात आणि किटच निरुपयोगी ठरतं. "दोनदा अंडं" असं होत नाही. एका पाळीत दोन बीजं आलीच तर ती एका दिवसाच्या आतबाहेरच येतात, अकरा दिवसांच्या अंतराने नाही.

मग करायचं काय, तर किट नंतर, आधी स्वतःचा स्राव बघायला शिक. हे फुकट आहे आणि पाळी कितीही वेडीवाकडी असली तरी चालतं. पाळी संपल्यावर काही दिवस कोरडं असतं, मग चिकट, दाटसर पांढरं जातं, आणि बीज फुटायच्या दोन-तीन दिवस आधी स्राव पारदर्शक, बुळबुळीत होतो, अगदी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा, दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर तुटत नाही, तार निघते. बाथरूमला गेल्यावर टिश्यूने पुसून बघायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. खाज, वास, दह्यासारखे कण असं काही असेल तर ते इन्फेक्शन, ते वेगळं. तार निघायला लागली की त्या दिवसापासून किटच्या पट्ट्या सुरू कर, म्हणजे पाच पट्ट्यांचं पाकीट आठवडाभर आधीच संपून जाणार नाही. पट्टी दुपारी किंवा संध्याकाळी करायची, आधी दोन तास लघवीला जायचं नाही आणि ढसाढसा पाणी प्यायचं नाही. पट्टी नीट गडद झाली की पुढच्या 24 ते 36 तासांत बीज फुटतं. ते जगतं जेमतेम 12 ते 24 तास, पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात, म्हणून गडद रेषेची वाट बघत बसण्यापेक्षा स्राव बदलला की लगेच जवळ या. आणि हे सगळं नको वाटलं तर सरळ एक दिवसाआड किंवा दोन दिवसाआड संबंध ठेवा, कुठलीच तारीख सुटत नाही. मला विचारशील तर अनियमित पाळीवाल्यांना मी हेच आधी सांगते.

सकाळचं टेम्परेचर घ्यायची पद्धत पण आहे, उठल्याउठल्या अंथरुणातच, बोलायच्या-पाणी प्यायच्या आधी. बीज फुटल्यावर 0.3 ते 0.5 डिग्री सेल्सिअसने वाढतं आणि पाळीपर्यंत तसंच राहतं. पण ते झाल्यावर सांगतं, आधी नाही, आणि तुझ्या शिफ्ट बदलत असतील तर तो तक्ता काही कळण्यासारखा राहणार नाही. सोडून दे.

एक मात्र आहे. ज्यांची पाळी वेळेवर येते त्यांना आम्ही सांगतो की पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करा, मग या. तुला ते लागू नाही. 50 दिवसांवर पाळी जातेय म्हणजे आत्ताच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) या रक्ताच्या टेस्ट, एक सोनोग्राफी एवढं करून घे. पीसीओडी निघालं आणि वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के कमी झालं तरी बऱ्याच जणींचं ओव्ह्युलेशन आपोआप सुरू होतं. नाहीच झालं तर लेट्रोझोलसारख्या गोळ्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस देतात आणि सोबत फॉलिक्युलर स्टडी करतात, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी आतून सोनोग्राफी करून बीज किती मिलिमीटरचं झालं ते बघायचं, 18-20 च्या पुढे गेलं की फुटायला आलं. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून या गोळ्या घेऊ नकोस. फॉलिक ॲसिड मात्र आजपासून घे, रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस राहिल्यावर नाही, आधीपासून.

प्रश्न : मॅडम, मी नवरा म्हणून लिहितोय, नाशिक. बायकोची पाळी दोन-दोन महिने येत नाही, तिची ट्रीटमेंट चालू आहे. मित्र म्हणतो "त्या दिवसा"साठी दहा-बारा दिवस थांबायचं म्हणजे ताकद साठते. खरं आहे का? आणि मला काही टेस्ट करावी लागेल का, मला तर काही त्रास नाही.

उत्तर : साठत काही नाही, दहा-बारा दिवस थांबलात तर उलट जुने, हालचाल मंदावलेले शुक्राणू वाढतात. शिवाय तिचा "तो दिवस" कुठला हेच नक्की नाही, मग कशासाठी थांबताय? टेस्ट कराच, आणि तिच्या पुढच्या सोनोग्राफीच्या आधी करा. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता सीमेन ॲनालिसिस, एक डबी द्यायची, सुई नाही काही नाही. मूल होत नसलेल्या जोडप्यांत तिसरा हिस्सा ते निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचंही काहीतरी कारण असतं, आणि "मला त्रास नाही" यावरून काहीच कळत नाही. बायको वर्षभर इंजेक्शनं घेते आणि नवऱ्याची टेस्ट शेवटी होते असं मी इतक्यांदा बघितलंय की आता रागच येतो.

प्रश्न : डॉक्टर, मी लातूर जिल्ह्यातल्या गावात राहते. गौरी-गणपतीत घरचं सगळं माझ्यावरच, म्हणून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेतल्या, दिवसाला तीन. आधीच माझी पाळी 35-45 दिवसांनी येते. गोळ्या बंद करून बारा दिवस झाले, पाळी नाही. किटवर टेस्ट केली, एकच रेष, पण तासाभराने परत बघितलं तर दुसरी अगदी पुसट दिसली. सासूबाई म्हणतात तीळ-गूळ, पपई खा, उष्ण पडलं की येईल. आम्हाला एवढ्यात मूल नको आहे, गोळ्या चालू होत्या म्हणून आम्ही काही वापरलं पण नाही. काय समजू?

उत्तर : तासाभराने दिसलेली रेष धरायची नाही. पट्टीवरची लघवी वाळली की पुसटसा राखाडी पट्टा उमटतो. पाकिटावर लिहिलेल्या वेळेत, बहुतेक किटवर पाच मिनिटांत, जे दिसतं तेच खरं. त्या वेळेत रंगाची रेष आली असती, कितीही फिकी, तर ती पॉझिटिव्ह समजायची.

पण एकच रेष आली म्हणून निश्चिंत पण होऊ नका. किट काय पकडतं तर एचसीजी नावाचं हार्मोन, ते तयार होतं गर्भ पिशवीत रुजल्यावर, आणि रुजायला बीज फुटल्यापासून सहा ते बारा दिवस लागतात. नियमित पाळीवाल्या बाईला "तारीख चुकली की टेस्ट कर" सांगता येतं, तुमच्या पाळीला तारीखच नाही तर ती चुकली कधी म्हणायचं? म्हणून तुम्ही पाळीवरून मोजू नका, संबंधावरून मोजा. शेवटचा विनासुरक्षेचा संबंध झाला त्यानंतर पूर्ण 21 दिवस जाऊ द्या, सकाळची पहिली लघवी घ्या आणि टेस्ट करा. तेव्हा एकच रेष आली तर त्या संबंधातून दिवस राहिलेले नाहीत असं समजायला हरकत नाही. मधल्या काळात परत काही न वापरता जवळ आलात तर 21 दिवस परत शून्यापासून, हे लक्षात ठेवा. थांबवत नसेल तर रक्ताची बीटा एचसीजी करा, ती थोडी आधी सांगते. गावात किटसाठी मेडिकलमध्ये जायला संकोच वाटत असेल तर आशाताईंकडे निश्चय किट मिळतं, पैसे पडत नाहीत.

ढकलायच्या गोळ्यांनी दिवस राहत नाहीत हा समज फार पसरलाय. त्या गर्भनिरोधक म्हणून दिलेल्या नसतात, त्यांच्या भरवशावर राहायचं नाही. एरवी त्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्याभरात पाळी येते. तुमचे बारा दिवस झालेत आणि पाळी आधीच लांबणारी आहे, त्यामुळे नुसता उशीर पण असू शकतो, पण टेस्टशिवाय ठरवू नका. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर गोळ्या घेतल्याचं डॉक्टरांना सांगा, त्याने घाबरून जाण्याचं कारण नाही. पायात रक्ताची गुठळी झाली असेल कधी किंवा तीव्र अर्धशिशी असेल तर या गोळ्या परस्पर घ्यायच्याच नाहीत.

तीळ-गूळ खा, चविष्ट आहे. पाळी त्याने येत नाही. आणि एका बाजूला ओटीपोटात खूप दुखलं, चक्कर आली, खांद्यात दुखायला लागलं, थोडंथोडं अंगावरून जायला लागलं तर वाट न बघता दवाखाना गाठा, गर्भ नळीत राहिला असेल तर असं होतं.

प्रश्न : ताई, माझं नाव गाव छापू नका. मिस्टर मर्चंट नेव्हीत आहेत, 5 जुलैला सुट्टीवर घरी आले. माझी शेवटची पाळी 3 जूनची. पाळी माझी कायमच 45-50-55 दिवसांनी येते. 26 ऑगस्टला सोनोग्राफी केली, त्यात 8 आठवडे 5 दिवस लिहिलंय. कार्डवर मात्र 12 आठवडे. सासूबाईंनी बोटं मोजली, 12 आठवडे मागे गेलं तर जून, 8 आठवडे 5 दिवस मागे गेलं तरी 26 जून, दोन्ही वेळेस मुलगा घरी नव्हता. तोंडाने बोलत नाहीत कोणी पण वागणं बदललंय. मिस्टर पण गप्प आहेत. मी काय सांगू सगळ्यांना?

उत्तर : हे पत्र मी दोनदा वाचलं. हे पान फाडून घरी सगळ्यांसमोर ठेव, म्हणून जरा सावकाश, आकड्यांनिशी लिहिते.

गरोदरपणाचे आठवडे मोजायची जगभरची पद्धत अशी आहे की सुरुवात पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरायची. त्या दिवशी पोटात काहीच नसतं, गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, पण ते दोन आठवडे धरूनच मोजतात. सोनोग्राफीचं मशीन बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजतं, त्यावरून बाळाचं वय काढतं आणि त्यात हे दोन आठवडे आपणहून मिळवून आकडा छापतं. म्हणजे तुझ्या रिपोर्टमधले 8 आठवडे 5 दिवस म्हणजे 61 दिवस, त्यातले 14 काढले की उरले 47. 26 ऑगस्टपासून 47 दिवस मागे गेलं की तारीख येते 10 जुलै. तुझे मिस्टर 5 जुलैपासून घरी आहेत. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत फरक पडला तर पाच-सात दिवसांचा पडतो, महिन्याचा नाही. सासूबाईंची बोटं बरोबर मोजतायत, फक्त कुठून मोजायचं ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

राहिले कार्डवरचे 12 आठवडे. ते 3 जूनपासून सरळ मोजलेत, तुझी पाळी 28 दिवसांची आहे असं गृहीत धरून, आणि त्या हिशोबाने गर्भ 17 जूनला राहायला हवा होता. पण तुझं बीज 17 जूनला फुटलंच नाही, ते फुटलं पाळीच्या 37व्या दिवसाच्या आसपास, जे 51 दिवसांच्या पाळीत अगदी जसं व्हायला पाहिजे तसंच आहे. तू सांगतेस ती 45 ते 55 ची पाळी आणि मशीनने काढलेली तारीख एकमेकींना तंतोतंत धरून आहेत. यात कुणाला शंका घ्यायला जागा नाही.

आता घरातलं राहू दे बाजूला, कार्डावरची तारीख मात्र बदलून घे, ते बाळासाठी महत्त्वाचं आहे. पाळीप्रमाणे तुझी तारीख 10 मार्च येते, सोनोग्राफीप्रमाणे 2 एप्रिल. 10 मार्चच कार्डवर राहिली तर मार्चच्या मध्यात कोणीतरी म्हणेल दिवस भरून गेले, कळा सुरू करायचं इंजेक्शन देऊ, आणि बाळाला अजून दोन-अडीच आठवडे आतच राहायचं असेल. किंवा मधल्या सोनोग्राफीत "बाळाची वाढ कमी आहे" म्हणून उगाच घाबरवतील. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघायची सोनोग्राफी) पण 11 आठवडे ते 13 आठवडे 6 दिवस यातच होतो, म्हणजे तुझा 11 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर. पुढच्या वेळी मिस्टरांना सोबत ने आणि डॉक्टरांनाच हा हिशोब त्यांच्यासमोर करून दाखवायला सांग.

प्रश्न : बाळ नऊ महिन्यांचं आहे, अंगावर पाजते, पेज-वरणभात पण खातं. बाळंतपणानंतर पाळी अजून आली नाही. आठ दिवस झाले सकाळी मळमळतं. पाळीच नाही तर दिवस कसे राहतील ना? – सावंतवाडी

उत्तर : राहतील. बीज आधी फुटतं, पाळी त्यानंतर येते, त्यामुळे बाळंतपणानंतरचं पहिलं बीज पाळीच्या आधीच येऊन जाऊ शकतं आणि नेमकं तेव्हा काही वापरलं नसेल तर पाळी न बघताच दुसऱ्यांदा दिवस राहतात. अंगावर पाजण्याचं संरक्षण खरं आहे, 98 टक्क्यांपर्यंत, पण तीन अटी एकत्र पाळल्या तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरच, आणि पाळी आलेली नाही. तुमच्या दोन अटी मोडल्यात. उद्या सकाळीच टेस्ट करा, एकच रेष आली तर वर सांगितलेला 21 दिवसांचा हिशोब. दिवस नसतील तर पाजत असताना चालणारी साधनं सरकारी दवाखान्यात पण मिळतात, तांबी आहे, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे. यातलं काही घेईपर्यंत निरोध वापरा.

प्रश्न : वय 45. वर्षभर पाळी पुढेमागे होतेय, आता अडीच महिने आली नाही. मैत्रिणी म्हणतात पाळी जायला आली, सुटलीस. आम्ही आता काही वापरत नाही. एफएसएच टेस्ट करून नक्की कळेल का?

उत्तर : मैत्रिणींचं बहुतेक बरोबर असेल, पण पाळी जायच्या आधीची ही वर्षं म्हणजे बीज बंद झालेलं नसतं, कधी येईल त्याचा भरवसा गेलेला असतो. एकदा केलेल्या एफएसएचवर (बीज पिकवणाऱ्या हार्मोनची रक्ताची टेस्ट) या वयात विसंबता येत नाही, या महिन्यात वर असतं, पुढच्या महिन्यात खाली. आधी लघवीची साधी टेस्ट करा, या वयात पाळी चुकली की ती कोणाच्या डोक्यातच येत नाही आणि मग चौथ्या महिन्यात कळतं. ती निगेटिव्ह असेल तरी साधन सोडू नका. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यायची असा नियम आहे. आणि एवढ्या गॅपनंतर पाळी आली आणि गाठी पडायला लागल्या, दर तासाला पॅड बदलावं लागलं किंवा आठ-दहा दिवस थांबलीच नाही, तर "वयामुळे होतंय" म्हणून घरी बसू नका, सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन करून घ्या.